दर आठवड्याला शंभर पौंड : मुसोलिनी आणि पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश गुप्तचर खाते

१९१७ च्या उत्तरार्धात मिलान शहरातील एका दैनिकाच्या चौतीस वर्षांच्या संपादकाला ब्रिटिश गुप्तचर खात्याकडून दर आठवड्याला १०० पौंड मिळू लागले आणि पुढे निदान वर्षभर ते मिळत राहिले. या संपादकाचे नाव होते बेनितो मुसोलिनी. ऑक्टोबर १९२२ मध्ये तो इटलीचा पंतप्रधान झाला, जानेवारी १९२५ पासून त्याने लोकशाहीचा देखावाही सोडून दिला आणि जून १९४० मध्ये त्याने हिटलरच्या बाजूने ब्रिटनविरुद्धच युद्ध पुकारले. हा पैसा द्यावा असे ब्रिटनला का वाटले, त्यातून नेमके काय विकत घेतले गेले आणि त्याचा मुसोलिनीच्या पुढच्या वाटचालीशी किती संबंध जोडता येतो, हे तीन प्रश्न एकमेकांत मिसळले की या विषयाचा विपर्यास होतो. म्हणून ते सुटे करून पाहिले पाहिजेत.

सुरुवात १९१४ पासून करावी लागते. मुसोलिनी तेव्हा इटालियन समाजवादी पक्षाच्या ‘आवांती’ या मुखपत्राचा संपादक होता. पक्षाच्या जहाल गटात त्याचा दबदबा होता, कारण १९११ मध्ये इटलीने लिबियावर स्वारी केली तेव्हा युद्धविरोधी निदर्शनांबद्दल त्याने तुरुंगवास भोगला होता. त्याच्या हाती आल्यावर ‘आवांती’चा खपही चांगलाच वाढला. ऑगस्ट १९१४ मध्ये युरोपात महायुद्ध भडकले तेव्हा इटली तटस्थ राहिली. जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांच्याशी तिचा १८८२ पासून करार होता खरा. पण तो बचावापुरता आहे आणि आक्रमण त्यांनीच केले आहे, अशी भूमिका इटलीच्या सरकारने घेतली. समाजवादी पक्ष तर युद्धाच्या सरसकट विरोधात होता. मुसोलिनीनेही आरंभी तेच लिहिले.

मग १८ ऑक्टोबर १९१४ रोजी ‘आवांती’त त्याचा लेख आला. निव्वळ तटस्थता सोडून ‘सक्रिय’ तटस्थता स्वीकारावी, असे त्यात म्हटले होते, आणि त्याचा रोख युद्धात उतरण्याकडे आहे हे पक्षातील सर्वांना कळले. दोन दिवसांत त्याला संपादकपद सोडावे लागले. पण महिनाही उलटला नाही तोच, १५ नोव्हेंबर रोजी, मिलानमधून त्याचे स्वतःचे दैनिक निघाले : ‘इल पोपोलो दितालिया’, म्हणजे ‘इटलीची जनता’. मथळ्याखाली ‘समाजवादी दैनिक’ असे छापलेले असे, आणि मजकूर मात्र इटलीने फ्रान्स-ब्रिटनच्या बाजूने युद्धात उतरावे असा असे. त्या महिन्याच्या अखेरीस पक्षाने त्याला काढून टाकले.

दैनिक काढायला छपाई लागते, कागद लागतो, पगार द्यावे लागतात, आणि नोकरी गेलेल्या संपादकाजवळ यांपैकी कशाचीच सोय नव्हती. त्यामुळे त्याच्या जुन्या सहकाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न लावून धरला : पैसे कोण देतो? हा प्रश्न निवडणुकीच्या घोषणेसारखा सभांतून आणि वृत्तपत्रांतून विचारला जाई, आणि मुसोलिनी तो आपली बदनामी आहे असे सांगून झटकून टाकत असे.

उत्तर आज पुष्कळसे उलगडले आहे. पहिली मदत फिलिप्पो नाल्दी यांनी मिळवून दिली. ते बोलोन्याच्या ‘इल रेस्तो देल कार्लिनो’ या दैनिकाचे चालक होते आणि उद्योगपतींच्या वर्तुळात त्यांची ऊठबस होती. युद्ध झाले तर ज्यांना मागणी वाढण्याची आशा होती, अशा काही उद्योजकांनी हात सैल केला. त्यानंतर फ्रान्सचा पैसा आला. फ्रेंच सरकारात तेव्हा समाजवादीही सामील झाले होते, आणि इटलीतील समाजवाद्यांपैकी जो कोणी युद्धाच्या बाजूने बोलेल त्याला बळ देणे त्यांना अगत्याचे वाटत होते. मंत्री ज्यूल गेद यांच्या गोटातून आणि खासदार मार्सेल काशँ यांच्यामार्फत ही मदत पोहोचल्याचे सांगितले जाते. फ्रान्सकडून पैसा आला याबद्दल बहुतेक इतिहासकारांचे एकमत आहे. तो वर्तमानपत्राच्या जन्माआधीच ठरला होता की नंतर सुरू झाला, यावर मात्र त्यांच्यात वाद आहे.

हा वाद वाटतो तेवढा किरकोळ नाही. पैसा आधी ठरला असेल तर मुसोलिनीने आपले मत विकले असा अर्थ निघतो. पैसा नंतर आला असेल, तर त्याचे मत आधीच बदलले होते आणि त्या मताला गिऱ्हाईक नंतर मिळाले, असे म्हणावे लागते. मला दुसरा अर्थ अधिक पटतो. युद्धातून क्रांती घडेल, जुनी व्यवस्था मोडून पडेल, असे मानणारे लोक त्या वेळी इटलीच्या डाव्या वर्तुळात बरेच होते आणि मुसोलिनीचे लिखाण १९१४ च्या उन्हाळ्यापासून त्या दिशेने सरकताना दिसते. शिवाय तो महत्त्वाकांक्षी होता. पक्षाच्या शिस्तीत त्याचा जीव गुदमरत होता. पैशाने त्याचे मत घडवले नाही, पण त्या मताला रोज छापील कागद मिळवून दिला.

एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. इटलीत लोकमत घडवण्यासाठी पैसा ओतणारे फक्त फ्रेंच नव्हते. इटलीने तटस्थ राहावे म्हणून जर्मनीने आपले माजी चॅन्सेलर ब्यूलो यांना रोमला पाठवले आणि त्या बाजूनेही वृत्तपत्रांना आर्थिक आमिषे दाखवली गेली. तटस्थ देश हा त्या काळी दोन्ही बाजूंना खुला बाजार होता. अखेर इटलीच्या सरकारने २६ एप्रिल १९१५ रोजी लंडनमध्ये गुप्त करार केला आणि मे महिन्यात ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध युद्ध जाहीर केले. हा निर्णय राजा आणि मूठभर मंत्र्यांनी घेतला; मुसोलिनीच्या अग्रलेखांनी रस्त्यावरचे वातावरण तापवले, पण निर्णय त्यांनी घडवला नाही.

मुसोलिनी स्वतः त्याच वर्षी सैन्यात दाखल झाला आणि इझोंझो नदीच्या आघाडीवर गेला. २३ फेब्रुवारी १९१७ रोजी सरावाच्या वेळी एका उखळी तोफेचा स्फोट होऊन तो जबर जखमी झाला. बरा झाल्यावर तो मिलानला परतला आणि पुन्हा वर्तमानपत्र पाहू लागला. आता तो केवळ बोलघेवडा युद्धसमर्थक राहिला नव्हता. अंगावर जखमा असलेला माजी सैनिक म्हणून त्याच्या शब्दाला वेगळे वजन आले होते, आणि या वजनाची किंमत पुढे ब्रिटिशांनी बरोबर ओळखली.

१९१७ हे वर्ष मित्रराष्ट्रांसाठी अत्यंत वाईट होते. मार्चमध्ये रशियात झारची सत्ता कोसळली. १ ऑगस्टला पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी युद्धाला ‘निरर्थक कत्तल’ म्हणत शांततेचे आवाहन केले आणि कॅथलिक इटलीत त्याचा खोल परिणाम झाला. त्याच महिन्यात तुरिनमध्ये पावाच्या टंचाईवरून दंगल उसळली आणि बघता बघता तिला युद्धविरोधी उठावाचे रूप आले. गोळीबारात सुमारे पन्नास माणसे मरण पावली. २४ ऑक्टोबरला कापोरेत्तो येथे जर्मन आणि ऑस्ट्रियन फौजांनी इटलीची आघाडी फोडली. अडीच लाखांहून अधिक इटालियन सैनिक कैद झाले आणि उरलेली सेना शंभर किलोमीटरहून जास्त मागे हटत पियावे नदीपर्यंत आली. नोव्हेंबरमध्ये रशियात बोल्शेविकांनी सत्ता घेतली आणि रशिया युद्धातून बाहेर पडणार हे स्पष्ट झाले.

आता इटलीही बाहेर पडली असती तर काय झाले असते, हा विचार लंडनची झोप उडवणारा होता. इटालियन आघाडीवर गुंतलेले ऑस्ट्रियन सैन्य मोकळे झाले असते आणि त्याचा भार पश्चिम आघाडीवर आला असता. इटलीचा युद्धसामग्रीचा उद्योग मिलान, तुरिन आणि जेनोआ या पट्ट्यात एकवटला होता. तुरिनमध्ये जे घडले ते मिलानच्या कारखान्यांत घडले तर तोफा आणि गोळे तयार होणेच थांबले असते.

याच वेळी रोममध्ये सॅम्युअल होर नावाचे ब्रिटिश अधिकारी काम करत होते. ते हुजूर पक्षाचे खासदार होते आणि युद्धकाळात गुप्तचर कामासाठी त्यांना आधी रशियाची राजधानी पेट्रोग्राड येथे धाडण्यात आले होते. झारच्या दरबारातील वजनदार साधू रास्पुतिन याच्या खुनाची हकिकत त्यांनी तेथूनच लंडनला कळवली होती. साम्राज्य आतून कसे पोखरले जाते, कारखान्यातला संप आघाडीवरच्या सैनिकापर्यंत कसा पोहोचतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. रोममध्ये ते ‘एमआय ५’ या ब्रिटिश गुप्तचर खात्याचे काम पाहत होते आणि त्यांच्या हाताखाली सुमारे शंभर माणसे होती. शत्रूचे हेर शोधणे हे त्यांचे अधिकृत काम. पण शत्रूला उपयोगी पडेल असा असंतोष थोपवणे हेही त्यांनी आपलेच काम मानले. मुसोलिनीला पैसे देण्याची व्यवस्था त्यांनी केली ती या भूमिकेतून.

येथे मुसोलिनी ब्रिटिशांचा हेर होता काय, या प्रश्नाचे उत्तर देता येते. रूढ अर्थाने तो हेर नव्हता. त्याने कोणत्याही किल्ल्याचे नकाशे पुरवले नाहीत, सैन्याच्या हालचाली कळवल्या नाहीत, आपल्या देशाचे गुपित परक्याला विकले नाही. तशी गरजही नव्हती, कारण इटली आणि ब्रिटन एकाच बाजूने लढत होते. गुप्तचर खाती दोन प्रकारची माणसे पोसतात. काहींकडून माहिती घेतली जाते. काहींकडून मात्र काहीच घ्यायचे नसते. त्यांनी जे एरवीही बोलले असते तेच अधिक मोठ्याने, अधिक दिवस आणि न थांबता बोलत राहावे, एवढीच अपेक्षा असते. मुसोलिनी या दुसऱ्या प्रकारात मोडतो. असा माणूस शोधणे सोपे असते, सांभाळणे सोपे असते, आणि पकडला गेला तरी आपण आपल्याच मताचा प्रचार करत होतो असे तो प्रामाणिक चेहऱ्याने सांगू शकतो.

पण फक्त अग्रलेखांपुरताच हा व्यवहार मर्यादित राहिला नाही, आणि माझ्या दृष्टीने या साऱ्या प्रकरणातील सर्वांत गंभीर भाग हाच आहे. होर यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत मुसोलिनीशी साधलेल्या या संधानाचा उल्लेख केला आहे. मिलानमधील शांततावाद्यांचे काय करायचे ते माझ्यावर सोपवा, युद्धात जखमी झालेल्या सैनिकांना मी रस्त्यावर उतरवीन आणि युद्धविरोधी सभा घेणाऱ्यांची डोकी ते फोडतील, असा निरोप मुसोलिनीकडून आला होता, आणि त्याने शब्द पाळला, असे होर सांगतात. म्हणजे ब्रिटिश खात्याला आपण एका वर्तमानपत्राबरोबरच एका टोळीलाही आधार देत आहोत याची कल्पना होती. निरोप ऐकून त्यांनी हात आखडता घेतला नाही. सभेत बोलणाऱ्या निःशस्त्र नागरिकाला मारहाण होणार हे ठाऊक असताना पैसे चालू ठेवले गेले, आणि युद्धकाळाची निकड सांगून ही गोष्ट हलकी करता येत नाही.

आठवड्याला १०० पौंड ही रक्कम किती मोठी होती? केंब्रिजचे इतिहासकार पीटर मार्टलँड यांनी होर यांची कागदपत्रे चाळताना या देयकांचा तपशील शोधून काढला आणि २००९ मध्ये तो सर्वांसमोर आला. २००९ च्या हिशेबाने ती रक्कम आठवड्याला सुमारे ६,००० पौंड भरत होती. एका पत्रकारासाठी हे घसघशीत उत्पन्न होते. ब्रिटनसाठी मात्र ही चिल्लर होती, असे मार्टलँड यांनी म्हटले आहे, कारण युद्धावर ब्रिटनचा रोजचा खर्च तेव्हा सुमारे ४० लाख पौंड होता. हिशेब मांडून पाहिला तर असे दिसते की मुसोलिनीला आठवडाभरात जे मिळे ते ब्रिटन युद्धावर दोन-सव्वादोन सेकंदांत खर्च करत होता, आणि वर्षभराची सगळी रक्कम दोन मिनिटांच्या आतली होती.

या आकड्यांतच त्या निर्णयाचे मर्म आहे. ज्या खर्चाची कोणी वरच्या पातळीवर चर्चाही करणार नाही असा तो खर्च होता. तो मंजूर करताना हा माणूस कोण आहे, तो पाच वर्षांनी काय करील, आपण त्याला जी सवय लावत आहोत ती कुठे जाईल, असे प्रश्न विचारण्याचे कारणच पडत नव्हते. पुढच्या आठवड्यात मिलानचे कारखाने चालू राहतील का, एवढाच प्रश्न टेबलावर होता. कारखाने चालू राहिले, इटली युद्धात टिकली, आणि नोव्हेंबर १९१८ मध्ये विजयी राष्ट्रांच्या रांगेत उभी राहिली.

मग ब्रिटनने मुसोलिनीला घडवले असे म्हणायचे काय? हा निष्कर्ष आकर्षक आहे, पण पुराव्याला धरून नाही. २३ मार्च १९१९ रोजी मिलानच्या सान सेपोल्क्रो चौकातील एका सभागृहात त्याने आपली नवी फॅसिस्ट संघटना स्थापन केली तेव्हा तिच्यामागे फारसे कोणी नव्हते. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या निवडणुकीत खुद्द मिलानमध्ये त्याच्या उमेदवारांच्या यादीला पाच हजारांहूनही कमी मते पडली आणि एकही जागा मिळाली नाही. परकीय पैशाच्या जोरावर माणूस सत्तेवर जातो असे असते तर तो तेव्हाच संपायला हवा होता, कारण युद्ध संपल्यावर ब्रिटिशांना त्याची गरज उरली नव्हती.

त्याला वर काढले ते नंतरच्या घडामोडींनी. १९१९ आणि १९२० ही दोन वर्षे संपांची, जमिनी बळकावण्याची आणि कारखाने ताब्यात घेण्याची होती. पो नदीच्या खोऱ्यातील जमीनदार शेतमजुरांच्या संघटनांना घाबरले आणि त्यांनी मुसोलिनीच्या काळे सदरे घालणाऱ्या फॅसिस्ट टोळ्यांना पैसा, मोटारी आणि आश्रय दिला. पोलीस आणि लष्करी अधिकारी अनेक ठिकाणी डोळेझाक करत राहिले. ऑक्टोबर १९२२ मध्ये या टोळ्या रोमकडे निघाल्या तेव्हा सरकारने लष्करी कायद्याचा मसुदा राजापुढे ठेवला, आणि राजा व्हिक्टर इमॅन्युएल तिसरा याने त्यावर सही करायला नकार दिला. हुकूमशाहीची जबाबदारी वाटायची झाली तर पहिला मोठा वाटा या लोकांच्या पदरात पडतो, आणि ते सर्व इटालियन होते.

तरीही १९१७ चा धागा पुढे चालत आला आहे, आणि तो दोन ठिकाणी दिसतो. एक म्हणजे वर्तमानपत्र. ‘इल पोपोलो दितालिया’ त्या कठीण वर्षात बंद पडले असते तर मुसोलिनी हा पक्ष नसलेला, नोकरी नसलेला माजी समाजवादी राहिला असता. ब्रिटिश पैसा हा त्याचा एकमेव आधार नव्हता. जेनोआच्या ‘आन्साल्दो’ या शस्त्रनिर्मिती कंपनीकडूनही त्याला मदत मिळत होती, आणि ऑगस्ट १९१८ मध्ये मथळ्याखालचे ‘समाजवादी’ हे विशेषण जाऊन त्या जागी ‘लढवय्यांचे आणि उत्पादकांचे दैनिक’ असे शब्द आले. पण हे दैनिक तगले, आणि १९१९ च्या दारुण पराभवानंतरही त्याच्याजवळ ते व्यासपीठ शाबूत राहिले.

दुसरे म्हणजे रस्त्यावरची रीत. १५ एप्रिल १९१९ रोजी मिलानमध्ये माजी सैनिकांच्या आणि फॅसिस्टांच्या जमावाने ‘आवांती’च्या कचेरीवर हल्ला करून ती जाळली. ज्या वर्तमानपत्राचा मुसोलिनी पाच वर्षांपूर्वी संपादक होता तेच हे वर्तमानपत्र. शहर तेच, लक्ष्य तेच आणि मारणारे हातही त्याच प्रकारचे : आघाडीवरून परतलेले, संतापलेले तरुण. दीड वर्षापूर्वी असे हात वापरण्याला एका मित्रराष्ट्राने गुपचूप मान्यता दिली होती. ही पद्धत मुसोलिनीला ब्रिटिशांनी शिकवली असे मी म्हणत नाही. त्यानेच ती सुचवली होती. मात्र राज्यसंस्थेच्या नावाने बोलणारी प्रतिष्ठित माणसे अशा कामाला पैसे देतात, हा अनुभव त्याला याच व्यवहारात मिळाला.

सॅम्युअल होर हे नाव महाराष्ट्राच्या इतिहासातही येते. १९३१ ते १९३५ या काळात ते भारतमंत्री होते. अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिल्यास आपण प्राणांतिक उपोषण करू, असे गांधीजींनी येरवडा तुरुंगातून मार्च १९३२ मध्ये पत्राने कळवले ते होर यांनाच, आणि त्यातूनच पुढे सप्टेंबरमध्ये गांधीजी आणि डॉ. आंबेडकर यांच्या संमतीने पुणे करार झाला. १९३५ चा भारत सरकारचा कायदा संसदेत लढवण्याचे कामही मुख्यतः त्यांनीच केले.

त्याच वर्षी ते परराष्ट्रमंत्री झाले आणि मुसोलिनीशी त्यांची पुन्हा गाठ पडली. ऑक्टोबर १९३५ मध्ये इटलीने इथिओपियावर आक्रमण केले. डिसेंबरमध्ये होर आणि फ्रान्सचे पंतप्रधान पिएर लाव्हाल यांनी इथिओपियाचा मोठा भूभाग इटलीला देऊन युद्ध मिटवण्याची योजना आखली. ती पॅरिसच्या वृत्तपत्रांत फुटली, ब्रिटनमध्ये संतापाची लाट उसळली आणि १८ डिसेंबर रोजी होर यांना राजीनामा द्यावा लागला. अठरा वर्षांपूर्वीच्या देण्याघेण्यामुळे त्यांनी हे केले असे मानायला आधार नाही. हिटलरविरुद्ध इटली हाताशी राहावी, हा त्यामागचा विचार होता आणि तो त्या वेळी ब्रिटन व फ्रान्समधील पुष्कळ मुत्सद्द्यांचा होता. दोन्ही वेळा इटलीला आपल्या बाजूला ठेवण्याची किंमत तिसऱ्याच कोणाला तरी मोजायला लावली गेली : पहिल्यांदा मिलानमधील युद्धविरोधकांना, दुसऱ्यांदा इथिओपियाच्या जनतेला.

१९४० मध्ये चर्चिल यांनी होर यांना स्पेनमध्ये राजदूत म्हणून पाठवले. स्पेनचा हुकूमशहा जनरल फ्रँको याने हिटलरच्या बाजूने युद्धात उतरू नये, हे त्यांचे मुख्य काम होते. त्यांच्या कारकिर्दीत फ्रँकोच्या सेनापतींना तटस्थतेच्या बाजूने वळवण्यासाठी ब्रिटनने हुआन मार्च या स्पॅनिश धनिकामार्फत लाखो डॉलर गुपचूप पोहोचवले. या व्यवहाराची ब्रिटिश सरकारी कागदपत्रे २०१३ मध्ये खुली झाली. १९१७ मध्ये देशाला युद्धात टिकवण्यासाठी पैसा दिला होता, १९४० मध्ये देशाला युद्धाबाहेर ठेवण्यासाठी. स्पेन तटस्थ राहिला. मात्र त्यामागे यादवी युद्धाने आलेली कंगाली, अन्नाची टंचाई आणि ब्रिटिश आरमाराचा धाक हीदेखील कारणे होती, आणि पैसा घेणाऱ्या सेनापतींपैकी बऱ्याच जणांना मुळातच युद्ध नको होते.